दगडखाणीतील माती व वनस्पती यांची पाहणी (मुंबई उपनगरे)

डोंगर फोडून झाल्यावर मागे राहिलेल्या जमिनीत माती किती, कसली आणि तिच्यावर काय उगवते, याची पद्धतशीर नोंद. मुंबई उपनगरांत ती मुख्यतः दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर आणि मालाडकडच्या पिवळसर ट्रॅकाइटवर करावी लागते. फोर्टातील वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड लागला, गेटवेला खारोडीचा. पुढे रस्ते आणि काँक्रीट खडी मागू लागले, तशा अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या टेकड्या सुरुंगांनी पोखरल्या. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे 61 मीटर उंचीचा, 6.6 कोटी वर्षे जुना बेसॉल्टचा कडा आज एकाकी उभा दिसतो तो आजूबाजूचा खडक काढून नेल्यामुळे. महापालिकेने 2007 मध्ये त्याला वारसा दर्जा दिला, तोवर त्याचे शेजारी खडीत जमा झाले होते. अशा जागेचा अहवाल बहुधा हिरवळीच्या टक्केवारीवर उरकला जातो. ते माप दिशाभूल करणारे आहे. मोजायला हवी ती मातीची खोली.

कारण खाण ही एक जमीन नसून तीन जमिनी असतात: माथा, कडा आणि तळ. माथ्याच्या तुटलेल्या काठावर मातीचा उभा छेद आयताच मिळतो. वर गवताच्या मुळांनी धरलेला काळपट थर, त्याखाली मुरूम आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे अर्धकुजके दगड, मग सलग खडक. हा छेद वर्षानुवर्षे ऊनवारा खाऊन सुकलेला असतो, म्हणून नमुना घेण्याआधी तो आत ताजी माती लागेपर्यंत खरवडावा लागतो. कड्यावर मातीच नसते, तरी फटीत मुळे घुसवून पिंपळ आणि उंबर फोफावतात. तळाशी क्रशरची भुकटी साचते. पहिल्या पावसात तिचा लगदा होतो, उघडीप मिळताच पापुद्रा धरतो आणि त्यातून पाणीही झिरपत नाही, कोंबही सहजी वर येत नाही. या तिन्हींची सरासरी काढली तर जो आकडा हाती येतो, तो तिघांपैकी एकाचेही वर्णन करत नाही.

वनस्पतींची साक्षही हेच सांगते. सुबाभूळ, गिरिपुष्प आणि घाणेरी यांनी झाकलेला उतार उपग्रहाच्या चित्रात जंगलासारखाच हिरवा दिसतो. पहिली दोन झाडे नत्र स्थिर करतात, तेव्हा त्यांना सरसकट खलनायक ठरवू नये. पण त्यांच्या सावलीत कुडा, ऐन, काकड यांची रोपे धरत आहेत का, हे खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय पाहणी केव्हा केली यालाही महत्त्व आहे. श्रावणात चिमूटभर मातीवर तेरडा आणि गवत डुलते, मे महिन्यात तिथेच उघडा दगड असतो. कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते (2016, नंतर 2024) आणि बी टाकून मरते. त्यानंतर वर्षभराने आलेला पाहणीदार उतार उजाड झाल्याचे लिहून मोकळा होईल. मातीची खोली मात्र ऋतूगणिक अशी पालटत नाही.

यावर आक्षेप असा, की खोली मोजणे संथ काम आहे आणि उपग्रह एका दिवसात सारे उपनगर दाखवतो. उपग्रहाने जागा निवडाव्यात. निवडलेल्या चौकटीत लोखंडी सळई ठोकून खोली घ्यायला काही मोठा खर्च येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माती नसेल तर ट्रकने आणून टाकता येते. पण उतारावर सैल टाकलेला भराव जुलैच्या पावसात नाल्याला लागतो, आणि ती माती कुठल्यातरी दुसऱ्या टेकडीवरूनच खरवडलेली असते. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गेली. सैल थर कुठे संपतो आणि खडक कुठे सुरू होतो, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. माती जागच्या जागी घडवता येते, याचा दाखला केनियात मोंबासाजवळच्या बांबुरी येथे आहे. तिथल्या चुनखडीच्या खाणीत रेने हॅलर यांनी 1971 पासून सुरूची झाडे लावली. झाडे जगली, पण खाली पडलेल्या सुया कुजेनात. त्या खाणारे वाणी किडे आणून सोडले तेव्हा कुठे खतमाती तयार होऊ लागली. हिरवळीच्या मापाने हे काम सुरूची झाडे लावली तेव्हाच फत्ते झाले असते.

बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिज ठरतो. दीपक कुमार खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 27 फेब्रुवारी 2012 च्या आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली, त्यामुळे त्यांच्या खोदाईपूर्व स्थितीची काही नोंद कागदावर येऊ लागली. उपनगरांतल्या जुन्या खाणींना हा आधार नाही. त्यांच्यासाठी तुलनेला शेजारचा न फोडलेला उतार घ्यावा लागतो, उदाहरणार्थ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला. मात्र खडक आणि उताराची दिशा जुळायला हवी. मालाडच्या ट्रॅकाइटवरची माती मुलुंडच्या बेसॉल्टसाठी प्रमाण म्हणून चालत नाही.