बैलाचे मोल

खोडाळ्याच्या डोंगरउतारावर नागली-वरई पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बैलाची खरी नड मृगाच्या तोंडावर लागते, आणि बैल महाग होतो तोही तेव्हाच. जुन्या ठाणे जिल्ह्यातील म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेस भरते; त्या वेळी भात झोडून पेंढा घरी आलेला असतो, म्हणून घेणारा घासाघीस करू शकतो. वैशाखात पेंढा संपलेला गरीब मात्र मिळेल त्या दामाला दावे सोडतो. आमच्या मते दलालापेक्षा पेंढ्याची गंजीच भाव अधिक ठरविते. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनभर हेच दिसले : चाऱ्यावाचून जनावरे मातीमोल झाली, आणि पाऊस येताच नांगरास बैल मिळेना. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. तेव्हापासून थकला बैल विकून नव्याच्या किमतीस हातभार लावण्याची वाटही अरुंद झाली.