नोकरीकडून नांगराकडे

शिकलेल्या मुलाने कचेरीत चिकटावे आणि हातोडा कारागिराने धरावा, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरपेशा समाजाचा दंडक होता. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो मोडला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढती डावलली गेली, तेव्हा अध्यापकाची नोकरी सोडून ते बेळगावी सायकलींच्या दुकानात उभे राहिले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला; परंतु लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन ते वाचनालयांच्या मेजांवर आले. नोकरीची वाट सोडणाऱ्या या गृहस्थाच्या कारखान्याने वाचकांचेही ऋण असे फेडले.