चंद्रीचा शेअर

आमच्या आजीकडं सनावळ्या नव्हत्या, गाई होत्या. "चंद्री विकली त्या साली" असं ती म्हणाली की आम्ही समजायचं, प्रवरेच्या साखर कारखान्याचे शेअर गोळा होत होते ते दिवस. म्हणजे १९४९-५० च्या सुमारास. आजोबांनी गाय विकून शेअर घेतला. थोरले चुलते म्हणत, गाय कसली, कालवड होती. आता विचारायचं कुणाला? घरचं दूध तुटलं आणि विरजणासाठी शेजारी वाटी घेऊन जावं लागलं, हे मात्र आजी कधी विसरली नाही.

शेअरसाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडत. पण आजोबांना अप्रूप "पुण्याच्या प्रोफेसरांचं". प्रोफेसर म्हणजे धनंजयराव गाडगीळ, गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ. गोदावरी-प्रवरेच्या पाटांनी मुलखात काय पालटलं, याची त्यांच्या संस्थेनं पाहणी केली होती. १९४८ साली ती छापून निघाली. दुसरा कुणी तेवढ्यावर पुण्यात स्वस्थ बसला असता. हे कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले! शिकलेला माणूस आपल्यात येऊन बसतो म्हटल्यावर आजोबांचा धीर वाढला असणार. गूळ घालून केलेल्या चहाच्या कपाशी ते हे पुन्हा पुन्हा सांगत. कारखान्याचे सभासद झाले तरी साखरेचा चहा त्यांना पुळचट लागे.

इकडं पाहिलेलं गाडगिळांनी दिल्लीला नेलं. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली आला, त्या समितीत ते होते. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन, हे त्या पाहणीतून दिसलं. सरकारनं सहकारात भागीदार व्हावं, अशी शिफारस झाली. माझ्या मते गाडगिळांचं खरं काम हेच. पुढं जिल्ह्यागणिक एका बँकेनं पुढाकार घ्यायची योजना आली, तिच्याही मुळाशी त्यांच्याच अभ्यासगटाचा १९६९ चा अहवाल होता.

पुस्तकात मात्र आम्हाला भेटलं ते नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षाचं "गाडगीळ सूत्र". राज्यांना योजनेची मदत दिल्लीच्या मर्जीवर न सोडता ठरल्या हिशेबानं वाटायची, त्यात साठ टक्के लोकसंख्येवर. परीक्षेसाठी मी ते घोकत होतो, तेव्हा आजोबांनी कान टवकारले. "साठ टक्के माणसं मोजून?" म्हणाले, "मग वाटणीत धाकट्याचं घर आपल्यापुढं जाईल. त्याला सात पोरं."