शहाजीराजांच्या बेंगळुरूत

चिकपेट मेट्रो स्थानकाच्या पायऱ्या चढून वर या. आज इथे रेशमी साड्यांची दुकानं असतात, माल उतरवणारे टेंपो असतात. पण तुम्ही वर पोचता तेव्हा साल आहे १६४२. रस्ता तोच, पायाखाली मात्र धूळ.

समुद्र इथून कितीतरी दूर, तरी बंदराला गलबतं लागावीत तसे बैलांचे तांडे या पेठेला लागलेले आहेत. पाठीवरच्या गोण्या उतरतात, माप पडतं, बैल पाण्यावर जातात. केंपेगौडाने १५३७ मध्ये मातीचा कोट घालून हे गाव वसवलं. चिकपेट पूर्व-पश्चिम, दोड्डपेट उत्तर-दक्षिण. दोन्ही रस्ते छेदतात त्या चौकात क्षणभर थांबा. बळेपेटेत काकणं, अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, गाणिगरपेटेत तेलाच्या घाण्यांची करकर. कानडी, तेलुगू, दखनी कानांवर आदळत असतात, आणि मधूनच स्वच्छ मराठी येते :

‘‘कुठले म्हणायचे तुम्ही? पुण्याकडले? मग आधी कानडी शिकून घ्या. त्यावाचून इथे पान हलत नाही.’’

दप्तर मांडून बसलेला कारकून बोलत असतो. चारच वर्षांपूर्वी, १६३८ मध्ये, विजापूरच्या रणदुल्लाखानाने हा कोट घेतला. केंपेगौडाचं घराणं मागडीला गेलं आणि बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. सत्ता पालटली, पण पेठांची घडी मोडली नाही. तुम्ही चालता आहात ते रस्ते गौडांनी आखलेलेच आहेत. जिजाबाईंसह इथे येऊन राहिलेला शिवबा याच सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आगेमागे, पुण्याकडे निघतो. परक्या मुलखातल्या माणसांना धरून कारभार कसा चालतो, हे त्याने वडिलांच्या घरी पाहिलं असणार. पुढे शहाजीराजांच्या याच दरबारात जयराम पिंड्ये हा कवी येईल. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताच्या जोडीला कितीतरी देशभाषांतली कवनं असतील, आणि १९२२ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे तो ग्रंथ छापून आपल्या हाती देतील.

आता दोड्डपेटेने उत्तरेला निघा. येलहंका वेस ओलांडली की शेतं लागतात, मग झाडीतली टेकडी. मल्लपूर. टेकडी चढेपर्यंत साल होतं १६६९. पाच वर्षांपूर्वी होदिगेरेजवळ शिकारीत शहाजीराजे गेले. आता कारभार त्यांचे पुत्र व्यंकोजी पाहतात, इकडची माणसं त्यांना एकोजी म्हणतात. टेकडीवरच्या मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी पाथरवटाची छिन्नी चालू आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव व्यंकोजीराजांनी मल्लिकार्जुनाला दिलं, असं तो दगडावर कोरतो आहे. वाकून पाहा. राजा भोसल्यांच्या घराण्यातला, अक्षरं कानडी. दान कुणी दिलं आणि कशासाठी, हे ज्यांच्या गावचं आहे त्यांना वाचता यायला हवं ना!

पुढची वर्षं झपाट्याने सरतात. व्यंकोजी तंजावरला गादी स्थापतात. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखान बेंगळुरू घेतो आणि शहर तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे जातं. जवळपास पन्नास वर्षांचा मराठी अंमल संपतो. १८९८ च्या प्लेगमध्ये पेठेतली माणसं मोकळ्या हवेसाठी मल्लपुराकडे सरकतात, आणि आज तुम्ही त्याच मल्लपुरात, म्हणजे मल्लेश्वरममध्ये, त्याच देवळाच्या, काडुमल्लेश्वराच्या दारात उभे असता.

बेंगळुरूत आपल्या खुणा शोधणारे आपण बुरूज, वाडे, तलवारी शोधतो. खरी खूण या शिलालेखात आहे. दुसऱ्यांच्या गावात राहायचं तर त्यांच्या देवाला मान द्यायचा आणि त्यांच्या भाषेत बोलायचं, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसांनी दगडावर लिहून ठेवलं. नोकरीसाठी या शहरात आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने कानडी शिकावी. ती येत नसेल, तर भोसल्यांचं हे दानपत्र त्याला वाचता येणार नाही.