काळे पाणी आणि उघडे दार

अंदमानचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल उभे राहते. कोलू, दंडाबेडी, एकांतकोठडी आणि त्या कोठड्यांतून देशासाठी झिजलेले पुरुष, असे ते चित्र आहे. ते खरे आहे आणि आपल्या आदराला पात्रही आहे. परंतु सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ साली सुरू झाले. त्याच्या आधीपासूनच पोर्ट ब्लेअरला साउथ पॉइंट या ठिकाणी एक निराळा तुरुंग होता. तो बायकांचा तुरुंग. तेथे गेलेल्या बायकांवर कोणी पोवाडे रचले नाहीत, त्यांच्या तसबिरी कोणाच्या दिवाणखान्यात लागल्या नाहीत. त्या राजबंदी नव्हत्या. त्यांतल्या पुष्कळजणींवर नवऱ्याच्या किंवा पोटच्या मुलाच्या खुनाचा गुन्हा शाबीत झाला होता. अशा बायकांच्या इतिहासाशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर अंदमानात शोधण्यापूर्वी ते पुण्यातच शोधले पाहिजे.

सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे जिवलग मित्र. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. चांगल्या घराण्यातली, मर्यादेने वागणारी. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फूस लावली. तिने बरेच दिवस दाद दिली नाही. शेवटी ती फसली आणि तिला दिवस गेले. गर्भ पडावा म्हणून नाना औषधे घेतली, ती लागू पडली नाहीत. दिवस भरले, मुलगा झाला, आणि लोकलज्जेच्या भयाने तिने त्या अर्भकाचा जीव घेऊन त्याचे प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. पोलिसांनी तिला धरले, पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही गोष्ट १८६३ च्या सुमाराची. मलबारींनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा जोतीरावांनी आपले मत सरकारला कळविताना ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. काशीबाईची कथा तेथे शिक्षेपाशी संपते.

बहुतेक बंदिवान स्त्रियांच्या कथा अशाच शिक्षेपाशी संपतात. कोर्टाचा निकाल लागला की लोकांच्या लेखी गोष्ट संपली. पण त्या बाईच्या लेखी ती तेथे सुरू होते. म्हणून निकालानंतर पुढे काय होई, ते आपण पाहू.

अंदमानची वसाहत १८५८ च्या मार्च महिन्यात डॉक्टर वॉकर यांनी २०० कैद्यांनिशी वसवली. पुढे तेथे हजारो पुरुष गेले. त्या मानाने बायका फारच थोड्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांसाठी जे नियम ठरले होते ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहेत. प्रत्येक बाईने बायकांच्या तुरुंगातच राहिले पाहिजे. त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग दोन. एक, परवानगीने कोणाच्या घरी चाकरी धरणे. दुसरा, लग्न करून नवऱ्यापाशी राहणे. या दोन्ही गोष्टींची मुभा पाच वर्षे काढल्यावर मिळे. लग्न केलेली बाई पंधरा वर्षांनी नवऱ्याबरोबर बेट सोडू शके. मात्र दोघांपैकी ज्याची मुदत लांब, ती संपेपर्यंत दोघांनीही थांबायचे आणि जायचे तर बरोबरच जायचे. जिने लग्न केले नाही तिला मात्र वीस वर्षे काढावी लागत.

पंधरा आणि वीस. या पाच वर्षांच्या फरकात सरकारचे धोरण स्पष्ट दिसते. पुरुष कैदी चांगल्या वर्तणुकीने दहा वर्षांनी स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्याची परवानगी मिळवी, शेती करी, गुरे पाळी. बाईची सुटका तिच्या मेहनतीपेक्षा तिच्या नवऱ्यावर अवलंबून होती. तुरुंगात ती कापड विणी, पडेल ते काम करी. पण त्या कामाने तिची वाट लवकर मोकळी होत नसे. लग्नाची रीतही तशीच. परवानगी मिळालेले पुरुष तुरुंगात येत, बायकांना रांगेने उभे करीत, पसंती होई, आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीने लग्नाची नोंद होई. बाईला नकार देता येई, हे खरे. परंतु एका बाजूला तुरुंगाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी माणसाचे घर, अशा निवडीला मोकळी निवड म्हणणे कठीण आहे. वसाहतीत पुरुष फार आणि बायका थोड्या, म्हणून संसार मांडले तर कैदी शांत राहतील, जमिनी लागवडीस येतील, हा सरकारचा हिशेब होता. त्यात दयाबुद्धी शोधण्याचे कारण नाही.

आणि तरीही, श्रोतेहो, एका गोष्टीची नोंद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची संमती १८५६ सालीच मिळाली होती. पण पुण्यात १८७० साली शंकराचार्यांच्या समक्ष त्या प्रश्नावर वाद झाला, तेव्हा पुनर्विवाहाची बाजू घेणाऱ्यांचाच पराभव झाल्याचे जाहीर झाले. जे घर, जो संसार, जे उजळ माथ्याने मिरवायचे मूल या शहरात एका निरपराध विधवेला मिळत नव्हते, ते अंदमानात खुनाची शिक्षा झालेल्या विधवेला मिळू शकत होते. काळ्या पाण्यापलीकडे तिची जात, तिचे सोवळे, तिची भाऊबंदकी कोणी विचारीत नव्हते. निरनिराळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि धर्मांच्या माणसांची तेथे लग्ने झाली, मुले झाली, ती शाळेत गेली. त्यांची संतती तेथे ‘लोकल बॉर्न’ या नावाने आजही ओळखली जाते. त्या बेटावर मोडलेले आयुष्य पुन्हा उभे राहिले, याचे श्रेय तुरुंगाला फारसे देता येणार नाही. तेथे बोट दाखवणारा शेजार नव्हता, हे त्याचे खरे कारण. शिक्षेला मुदत असते, कलंकाला नसते. अंदमानात शिक्षा कडक होती, पण कलंकाची धार बोथट झाली होती. आपल्या गावात नेमके उलट होते.

ते किती उलट होते हे १८८१ साली सुरतेस दिसून आले. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अशाच बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली, आणि अखेर पाच वर्षांवर उतरली. शिक्षा उतरली, पण वर्तमानपत्रांची जीभ उतरली नाही. एका विजयालक्ष्मीच्या निमित्ताने साऱ्या विधवांच्या, किंबहुना साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडू लागले. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. काशीबाईच्या बाबतीतही तोच सवाल उभा राहतो. अपराधाला दोघे जबाबदार होते. समुद्रापार जाण्याची शिक्षा एकटीला झाली.

आता पुण्यात परत येऊ. काशीबाईच्या शिक्षेची वार्ता साऱ्या शहराने ऐकली. कोणी हळहळले असतील, कोणी तोंडसुख घेतले असेल. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी काय केले? त्यांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि त्याच्या जाहिराती रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना लावल्या. येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे अथवा ठेवून जावे, असा त्यांचा आशय होता. १८८४ पर्यंत तेथे ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. बाकीची दगावली, याचे कारणही जोतीरावांनीच दिले आहे: दिवस लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच जायबंदी झाली होती. उपकाराचा हिशेब मांडताना मरणाचा आकडा न लपवणारा हा माणूस होता.

या आकड्यावरून काम तोकडे ठरवू नये. त्या ३५ जणींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला काशीबाईची विहीर, काशीबाईचे कोर्ट आणि काशीबाईचे जहाज येऊ शकले असते. ते टळले. याच गृहात एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी आपला म्हणून वाढवला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ सालच्या प्लेगात पुण्याजवळ त्याचा दवाखाना चालला होता. तेथे रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. ज्या मुलाची जागा विहिरीत ठरली असती त्याने शहराच्या रोग्यांना औषध दिले. मोडलेले आयुष्य उभे करणे म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

हे काम एका घरापुरते राहिले नाही. १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांनी, ते तेथे न्यायखात्यात असताना, असेच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि प्रार्थना समाजाने ते पुढे चालवले. ज्या माणसाचे रोजचे काम निवाडे देण्याचे, त्याला निवाड्याची वेळच येऊ नये असे वाटावे, यात मोठा अर्थ आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, तेथे बायकांना लिहिणे-वाचणे, शिवण आणि परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. सेवासदनाच्या अध्वर्यू रमाबाई रानडे येरवड्याच्या तुरुंगात जाऊन तेथल्या बंदिवान बायकांना भेटत, त्यांच्याशी बोलत, त्यांना चार धर्माच्या गोष्टी सांगत. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी, सन्मानाची धनीण, तुरुंगाच्या फरशीवर त्या बायकांमध्ये बोलायला जाते, यात त्या बायकांना काय मिळत असेल? बाहेरच्या जगाने आपल्याला अगदीच टाकलेले नाही, एवढी एक खात्री. ती कोणत्याही जेल मॅन्युअलात लिहून देता येत नाही.

यानंतर काळ बदलला. १९५५ च्या कायद्याने काळ्या पाण्याची शिक्षा रद्द होऊन तिच्या जागी आजन्म कारावास आला. बायकांना तुरुंगात पुरुषांपासून निराळे ठेवावे हे १८९४ च्या तुरुंग कायद्यातच होते. परंतु निराळे ठेवणे आणि सुरक्षित ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईचे प्रकरण आले. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या १५ बंदिवान स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या ५ जणींनी पोलिसांच्या कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच अर्ज मानून न्यायालयाने हुकूम दिला की, बायकांच्या कोठड्या वेगळ्या असाव्यात, त्यांवर स्त्री शिपाई असाव्यात, आणि जबाब घेताना स्त्री अधिकारी हजर असावी. १९८७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने बंदिवान स्त्रियांच्या स्थितीचा देशभर विचार करून आपला अहवाल दिला.

आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदिवान आयांच्या मुलांविषयी निकाल दिला. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्याच्यासाठी पाळणाघर, दूध, औषध, शिक्षण यांची सोय व्हावी. शक्यतो बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या इस्पितळात व्हावे. यात एक बारीकशी सूचना आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते. मूल तुरुंगात जन्मले तर त्याच्या जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव लिहू नये, फक्त त्या भागाचा पत्ता लिहावा. गोष्ट एका ओळीची. पण जोतीरावांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर जी गुप्ततेची हमी चिकटवली होती, तीच हमी सुमारे १४० वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यावर दिली, असे मी समजतो. मुलाच्या कपाळी आईची शिक्षा लिहू नये, हाच दोन्हींचा मथितार्थ.

तेव्हा तात्पर्य काय? तुरुंग फार तर माणसाला जिवंत ठेवतो, आणि चांगला असला तर त्याच्या हाताला काम शिकवतो. सुटून आलेल्या बाईला लागतात तीन गोष्टी: रात्री निजायला छप्पर, दिवसा करायला काम, आणि चारचौघांत हाक मारायला नाव. पहिल्या दोन गोष्टी सरकार देऊ शकेल. नव्हे, त्या त्याने दिल्याच पाहिजेत. तिसरी सरकारच्या हाती नाही. पुरुष शिक्षा भोगून आला तर त्याची आई दार उघडते, बायको ताट वाढते, गाव चार दिवसांत विसरते. बाई शिक्षा भोगून आली तर माहेर म्हणते सासरी जा, सासर म्हणते आमचा संबंध संपला, आणि तिची मुलेसुद्धा कोणाच्या तरी सांगण्यावरून तिला ओळख देईनाशी होतात. ही तिची दुसरी शिक्षा. ती कोणत्या कलमाखाली होते? तिच्यावर अपील कोणत्या कोर्टात करायचे?

१८६३ साली पुणे शहरात हजारो घरे होती आणि त्यांतली कितीतरी घरे फुल्यांच्या घराहून संपन्न होती. त्या सर्वांना काशीबाईची हकीकत ठाऊक होती. दार उघडले ते एका घराचे. आज तुरुंगाच्या फाटकातून गाठोडे घेऊन एखादी बाई बाहेर पडते तेव्हा तिची वाट आपल्याच वस्तीतून, आपल्याच दारावरून जाते. खोली भाड्याने देणारे आपण, धुण्याभांड्याला किंवा कारखान्यात कामाला ठेवणारे आपण, तिच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी बाकावर बसू देणारे किंवा न देणारे आपण. तिने केलेल्या अपराधाचा निवाडा न्यायालयाने केला आहे आणि त्याची किंमत तिने मोजली आहे. उरलेला प्रश्न तिच्या अपराधाचा नाही, आपल्या दाराचा आहे. आणि त्याचे उत्तर इतिहासाने पुण्यातच एकदा देऊन ठेवले आहे.