मेलेल्याचा पेसमेकर जित्याला चालतो का? मुंबईत झालेल्या कामाची माहिती

पेसमेकर म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. हासळीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात आणि तिथून एक-दोन वायरी शिरेतून हृदयात सोडतात. हृदयाचा ठोका मंदावला, नाडी तीस-चाळीसवर आली की हे यंत्र विजेचा बारीक झटका देऊन ठोका पाडतं. असा रुग्ण चालता चालता घेरी येऊन पडतो. आपल्याकडं पुष्कळ जण त्याला अशक्तपणा नाहीतर फिट समजून घरीच बसतात.

यंत्राची किंमत हजारांत, भारी असेल तर लाखांत. म्हणून गरीब देशांत ते फुकट पोचवणाऱ्या संस्था निघाल्या. हार्टबीट इंटरनॅशनल त्यातली जुनी, १९८४ सालची. ग्वाटेमालातले डॉक्टर आणि रोटरी क्लब यांच्यातून ती उभी राहिली. विक्रीची मुदत संपत आलेले कोरे पेसमेकर कंपन्यांकडून दान घ्यायचे आणि डॉक्टरांनी ते मोफत बसवायचे, अशी तिची पद्धत.

दुसरा रस्ता वापरलेल्या यंत्रांचा, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. प्रेताला अग्नी दिला की आतला पेसमेकर उष्णतेनं फुटतो. त्यामुळं अमेरिकेत दहनाआधी तो काढतात. तिथल्या नियमानं हे यंत्र एकदाच वापरायचं, म्हणून काढलेलं सहसा कचऱ्यात जातं. काही डॉक्टरांनी अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडून, घरच्यांच्या संमतीनं, असे १२१ पेसमेकर जमवले. बॅटरी ७० टक्क्यांच्या वर शिल्लक असलेले ५३ निघाले. ते स्वच्छ व निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना बसवले. पुढं सरासरी ६६१ दिवस लक्ष ठेवलं, तर जंतुसंसर्ग किंवा यंत्रातला मोठा बिघाड आढळला नाही.

५३ हा आकडा लहानच. कॅनडातल्या माँट्रियलच्या हृदयसंस्थेनं मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास व डोमिनिकन रिपब्लिकला पाठवलेल्या यंत्रांचा हिशेब २०२० मध्ये मांडला. जुनं यंत्र बसवलेले १०५१ रुग्ण होते, त्यात दोन वर्षांत जंतुसंसर्ग २ टक्के. कॅनडात नवीन यंत्र बसवलेल्यांत १.२ टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं अभ्यासकांचं म्हणणं. मेलेल्याचं यंत्र म्हणून अंगावर काटा येणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. डोळे दान घेतोच की आपण.

मात्र हे काम मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञांचं. कुणी एजंट स्वस्तात जुना पेसमेकर मिळवून देतो म्हणाला, तर एक रुपयाही देऊ नका.

आपल्या भागात त्याची गरजही सहसा पडू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. रेशनकार्ड, आधार आणि ईसीजी घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयात विचारा. तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. भरती होतानाच विचारा, बिल निघाल्यावर नको.

आणि घरात पेसमेकर असलेलं माणूस वारलं, तर सरण रचण्याआधी डॉक्टरला सांगून तो काढून घ्या. स्वतः ब्लेड लावू नका.