सिंधुदुर्गाभोवतालचे पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशास ‘सागर’ म्हटले की प्रथम पैठणचा नाथसागर आठवतो. त्या जलाशयावर 1986 साली पक्षी अभयारण्य झाले. पुढच्याच वर्षी, 13 एप्रिल 1987 रोजी, महाराष्ट्र सरकारने खऱ्या सागराचा एक तुकडा मालवणास राखून ठेवला. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. पैकी तीनांहून किंचित अधिक भाग गाभ्याचा, आणि त्या गाभ्यातच सिंधुदुर्ग व पद्मगड हे दोन जलदुर्ग येतात.

सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 रोजी श्रीशिवछत्रपतींनी कुरटे बेटावर केली. पूजेचे स्थान म्हणून किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा आजही दाखवितात. तटाच्या पायात शिसे ओतले गेले. चहूकडे खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींस गोडे पाणी! भोवतालच्या ज्या बुडीत खडकांमुळे परक्या गलबतांस जवळ येणे धोक्याचे होई, त्याच खडकांवर प्रवाळ व समुद्रशेवाळ वाढते आणि त्यांच्या आश्रयाने मासळी पोसते.

दक्षिणेस तारकर्ली व देवबाग. एका अंगास कर्ली नदी, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, असे देवबागचे रूप आहे. कोकणात अशा वालुकामय किनाऱ्यास पुळण म्हणतात. पुळणीच्या वरच्या अंगास वाऱ्याने वाळूचे उंचवटे साचतात व त्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरते. हे नाव ज्याने ठेविले त्याची दृष्टी खचित सूक्ष्म असली पाहिजे. कारण ती वेल वाळूस जागच्या जागी धरून ठेवते. याच पुळणींवरून गाबीत मंडळी रापण ओढीत आली आहेत. जाळे होडीने पाण्यात सोडावयाचे आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून खेचावयाचे, अशी ही सामायिक मासेमारी होय.

अभयारण्य जाहीर होताच या मंडळींच्या मनात धास्ती शिरली व त्यांनी विरोध केला. जाळे कोठे टाकावयाचे, हे आता वनखाते ठरविणार काय, हा त्यांचा प्रश्न पोटाचा होता.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मराठी वाङ्मयात आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनी 1715 च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी आज्ञा आहे. आंबा, फणस ही झाडे आरमारास उपयोगी खरी. परंतु रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजबरी करू नये. राज्याची निकड मोठी, तरी रयतेची संमती आधी! आरमारासारख्या तातडीच्या कामातही ही सवड ठेविली होती, हे विशेष.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशी तरतूद यावयास 1991 साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यात घ्यावयाचा असल्यास स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचे हित राखण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी, असे बंधन घातले. मालवणची अधिसूचना मात्र चार वर्षे आधीच निघून गेली होती.